विश्राम घाड्यांचे कुणगे

विश्राम घाड्यांनी पहिल्याच दिवशी आम्हाला तोंडावर सांगितलं, की गावाने त्यांना वाट दाखवायला नाही, आमच्यावर नजर ठेवायला पाठवलं आहे.

"वाटाड्या म्हणून मी सही करणार नाही," ग्रामपंचायतीच्या पायरीवर उभं राहून ते म्हणाले. "तुमच्याबरोबर फिरेन. तुम्ही काय करता ते बघेन. संध्याकाळी गावाला सांगेन. चालत असेल तर चला."

हे सगळं स्वच्छ, कचेरीतल्या मराठीत. साठीच्या पुढचे असावेत. काटक, काळेसावळे, गुडघ्यापर्यंत खाकी चड्डी, वर धुवट सदरा, कमरेला कोयता. बोलताना त्यांचे डोळे समोरच्याच्या तोंडावर नसत, हातांवर असत. माझ्या हातात तेव्हा एक फाइल आणि जागेचे अक्षांश-रेखांश दाखवणारं जीपीएस यंत्र होतं. त्यांनी दोन्हींकडे सारख्याच नाराजीने पाहिलं.

आचऱ्याहून आत गेलं, की खाडी बारीक होत होत एका वहाळाला, म्हणजे ओढ्याला, येऊन मिळते. त्या वहाळाच्या दोन्ही अंगाला हे गाव. नाव सांगत नाही, घाडीकाकांना ते आवडलं नसतं. त्या वहाळाला जिथून जिथून पाणी येतं ती सगळी जमीन, म्हणजे त्याचं पाणलोट क्षेत्र, आम्हाला तपासायची होती. कुठली जमीन कशाच्या लायकीची, याचा नकाशा करायचा. उतार किती, मातीची खोली किती, पाणी मुरतं की वाहून जातं, धूप किती, हे सगळे थर संगणकावर एकावर एक ठेवले की प्रत्येक तुकड्याला एक वर्ग मिळतो. वर्ग एकूण आठ. पहिले चार शेतीला योग्य, पुढचे चार अयोग्य. पहिल्याचा रंग गडद हिरवा, आठव्याचा तपकिरी. संगणकाचं काम माझं होतं, मातीचं पाटलांचं. पाटील कोल्हापूरकडचे, सरळ माणूस, पण कोकणातला दमटपणा आणि कोकणातली माणसं दोन्ही त्यांना मानवत नव्हती.

"आपलं गाव?" घाडीकाकांनी मला विचारलं.

"नांदगाव."

"स्टेशनाच्या अलीकडे की पलीकडे?"

"अलीकडे."

"वडील काय करतात?"

"पोस्टात होते."

त्यांनी मान हलवली नाही की काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र पंचायतीपाशी भेटले तेव्हा म्हणाले, "तुझो बापूस खरोच पोस्टात होतो गो."

नांदगावात त्यांच्या चुलत मेव्हणीची नणंद दिलेली होती. तिला फोन करून त्यांनी खात्री करून घेतली होती. त्या सकाळपासून ते माझ्याशी मालवणीत बोलायला लागले. पाटलांचा ठावठिकाणा लावायला कोल्हापुरात त्यांचं कोणी नव्हतं, त्यामुळे पाटलांना ते शेवटपर्यंत 'आपण' म्हणत राहिले आणि त्यांच्याशी कचेरीतलंच मराठी बोलत राहिले. पाटलांना वाटायचं, काका आपल्याला फार मान देतात.

संशय हा त्यांचा स्वभाव म्हणावा की धंदा, हे मला कधी कळलं नाही. फोन उचलला की ते 'हॅलो' म्हणत नसत. "कोण?" म्हणत आणि पलीकडच्याने नाव सांगेपर्यंत श्वाससुद्धा ऐकू येऊ देत नसत. कोणी "काका, यंदा काजू कसे?" असं सहज विचारलं, तर "तुझे कशे?" असं उत्तर यायचं. फोटो काढून घ्यायचे नाहीत, काढला तर आधी बघायचे आणि मागे कोण कोण आलंय ते विचारायचे. दुसऱ्याच्या घरी गेले तर भिंतीला पाठ लावून, दार दिसेल असे बसायचे. बोट दाखवून कुठलीही जागा सांगायचे नाहीत. "थंय" म्हणायचे आणि हनुवटी एवढीशी उचलायचे. ती कुठल्या दिशेला उचलली, हे आपण ओळखायचं.

देवाच्या बाबतीतही हेच. गावच्या देवळात कौल लावायची पद्धत आहे. देवाच्या अंगावर फुलाच्या कळ्या लावायच्या, प्रश्न विचारायचा, आणि कुठल्या बाजूची कळी पडते त्यावरून होय-नाही समजायचं. सगळा गाव एकदा विचारतो. घाडीकाका दोनदा विचारत. दुसऱ्या खेपेला तोच प्रश्न उलटा करून. "जाऊ काय?" ला होय मिळालं, की "जाऊ नको काय?" हेही विचारून बघायचं. गुरव वैतागायचे.

"देवार विश्वास नाय काय तुमचो?" मी एकदा विचारलं.

"देवार आसा," ते म्हणाले. "कळयेर नाय. कळी वाऱ्यानय पडता."

माझ्या यंत्रावर तर त्यांचा विश्वास नव्हताच. तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्यांनी मला वहाळाकाठच्या एका मोठ्या दगडावर उभं केलं. "ह्या दगडाचो आकडो सांग." मी सांगितला. त्यांनी खिशातून जुन्या कॅलेंडरचं पान काढून मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून घेतला. दुपारी जेवून परतताना पुन्हा त्याच दगडावर. संध्याकाळी पुन्हा. तिन्ही वेळा शेवटचे आकडे वेगळे आले.

"दगड हललो काय गो?"

मी समजावून सांगितलं, की उपग्रहांच्या जागा बदलतात, झाडांची आडकाठी येते, हातातल्या यंत्रात चार-पाच मीटर इकडेतिकडे होतंच. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग पान घडी घालून खिशात ठेवलं.

"चार-पाच मीटर," ते म्हणाले. "तितक्यात माझ्या भावाचो आणि माझो अख्खो बांध येता. त्याच्यापायी आमी दोगा बारा वर्सा बोलाक नाय."

उपग्रहाचं चित्र दाखवलं तेव्हाही असंच. एप्रिलमधलं चित्र होतं. वहाळाकाठची भातजमीन फिकट, बागा हिरव्या, आणि वरचा सगळा सडा, म्हणजे गावाच्या डोक्यावरचं ते सपाट कातळाचं पठार, राखाडी-तांबूस. एकही हिरवा ठिपका नाही.

"पावसातला चित्र नाय?"

"पावसात ढग असतात काका. खालचं दिसत नाही."

"म्हणजे आमी नांगर धरतंव तेव्हा तेका दिसणा नाय," ते म्हणाले, "आणि जमीन निजता तेव्हा तो बघता."

मी हसले. ते हसले नाहीत.

या सगळ्याच्या मागे एक कागद होता. काकींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, मला तो नंतर दाखवला. फार पूर्वी मोजणीची माणसं आली होती. रस्त्यासाठी मोजतो म्हणाली. काकांच्या वडिलांनी चहा केला, शहाळी काढली, आणि माणसं म्हणाली तिथे अंगठा दिला. त्यानंतरच्या सातबाऱ्यावर सड्यावरची त्यांची सगळी जमीन पोटखराबा लागली. पोटखराबा म्हणजे लागवडीला नालायक. रस्ता काही झाला नाही. वडील त्यानंतरही दर पावसाळ्यात त्याच नालायक जमिनीत नाचणी लावत राहिले. अंगठ्याचा विषय घरात कोणी काढत नसे.

मार्चमध्ये आम्ही सड्यावर चढलो. सडा म्हणजे नुसता कातळ, असं लांबून वाटतं. वर गेल्यावर दिसतं, की कातळाला ठिकठिकाणी खळगे आहेत, त्यांना दगडांचे बुटके गडगे, म्हणजे बांध, घातले आहेत आणि आत माती आहे. कुठे एका खाटेएवढी, कुठे एका अंगणाएवढी. हेच सड्यावरचे कुणगे. पावसात नाचणी, मागाहून कुळीथ. पाटलांनी गिरमिटाने माती काढली, पिशव्या भरल्या, चिठ्ठ्या लावल्या. घाडीकाका प्रत्येक पिशवीवरची चिठ्ठी वाचून बघत होते.

आठवड्याने पाटील माझ्याकडे आले. चेहरा उतरलेला. "मॅडम, हा माणूस पिशव्यांत माती बदलतो. सड्यावरची माती तांबडी, खडेरी असायला हवी. यांच्या कुणग्यातली बघा. काळपट, मऊ. ही खालच्या मळ्यातली आहे. जमीन चांगली दाखवायची म्हणून आणून टाकलीय."

मला ते खोटं वाटेना. तेव्हा गावात बोलवा होतीच, की बाहेरचा कोणी एक माणूस सड्यावर चिरेखाण काढायची म्हणून लोकांकडून जमिनी लिहून घेतोय. जांभ्या दगडाचे चिरे काढायला त्याला सडा हवा होता. ज्यांनी जमीन लिहून दिली होती त्यांना सडा नालायक ठरलेला हवा होता आणि घाडीकाकांसारख्या ज्यांनी दिली नव्हती त्यांना लायक. आमच्या पिशवीतल्या मूठभर मातीला अचानक फार किंमत आली होती. आणि आमच्यावर नजर ठेवणाऱ्या माणसावर नजर ठेवायला कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाटलांना न घेता मी घाडीकाकांना सांगितलं, "तुमचो कुणगो परत बघूचो आसा." ते पुढे चालू लागले. वर पोचल्यावर मी गुडघे टेकून खुरप्याने खणायला घेतलं. दीड फुटावर कातळ लागला. माती खरंच तिथली नव्हती.

"काका, ही माती हयची नाय."

"नाय."

"खंयसून हाडलात?"

"खालसून."

"कधी?"

त्यांनी कमरेचा कोयता काढला, लांब जाऊन एका करवंदीच्या जाळीवर उगाच चालवत राहिले. मला वाटलं, सापडले. वाईटही वाटलं आणि, खरं सांगायचं तर, जिंकल्यासारखंही वाटलं.

तेवढ्यात काकी पेजेचं डेचकं घेऊन वर आल्या. माझ्याकडे, खड्ड्याकडे आणि लांबच्या नवऱ्याकडे बघून त्यांना सगळं समजलं असावं.

"ह्यांच्या आवशीन हाडली ती माती," काकी म्हणाल्या. "मी लगीन होऊन इलंय तेव्हा मायलेक दोगाय पाटयेन माती व्हावत होती. वहाळाक पूर येऊन गेलो, की काठार गाळ बसता. तो वर हाडूचो. मिया चार वर्सा व्हायलंय. मगे माझी कंबार गेली."

मी पुन्हा खड्ड्यात बघितलं. आता मला संशय त्यांच्यावर घ्यावा की काकींवर, ते कळेना. बोलणं कोणाचंही खरं मानायचं कारण नव्हतं. म्हणून खड्ड्याची कड खुरप्याने सरळ तासली आणि नीट बघितलं. मातीत कोळशाचे बारीक काळे कण होते. वरपासून थेट कातळाला टेकेपर्यंत. दरवर्षी पेरणीआधी पालापाचोळा, शेणी टाकून जमीन भाजतात, त्या भाजावळीचे ते कण. वर्षानुवर्षं भाजली, उकरली, पुन्हा भाजली गेल्याशिवाय ते इतके खोल जात नाहीत. गेल्या महिन्यात आणून टाकलेल्या मातीत ते असणं शक्यच नव्हतं.

मी हात झटकून उठले. काका परत आले होते.

"आधी का नाय सांगलात?"

"सांगलेलो आसतो तर तुझो विश्वास बसलो आसतो?" त्यांनी विचारलं. मग खड्ड्यात वाकून त्यांनी ती तासलेली कड बघितली, एक कण बोटावर घेतला. "खणून बघितलंस ता बरा केलंस. लोका नुसता बोलतत."

त्या दिवशी त्यांनी मला त्यांच्याच डेचक्यातली पेज दिली. मी संशय घेतला म्हणून ते रागावले नव्हते. उलट आमच्यातलं काहीतरी सरळ झालं होतं.

आता जे सांगायचंय ते माझ्याबद्दल आहे, पण त्याच्याशिवाय घाडीकाका पुरे होत नाहीत.

एप्रिलअखेर सगळे थर जुळवून मी नकाशा तयार केला. सड्यावरचे कुणगे त्यात पाचव्या, सहाव्या वर्गातल्या हिरवट-पिवळ्या ठिपक्यांसारखे आले होते, काही तर चौथ्यातही. नकाशा देवीचे व्रण असलेल्या चेहऱ्यासारखा दिसत होता. आमच्या कामात एक रीत आहे. ठरावीक आकारापेक्षा लहान तुकडे शेजारच्या मोठ्या तुकड्यात विरघळवून टाकायचे. त्यासाठी संगणकाला एक आज्ञा द्यावी लागते, आकार सांगावा लागतो, बस. नकाशा स्वच्छ होतो, वाचायला सोपा जातो. मी ते प्रत्येक नकाशाला करत आले होते. याही नकाशाला केलं. सवयीने. चहा प्यायले, रंग बघितले, छापायला पाठवला.

मेच्या सुरुवातीला शाळेच्या खोलीत ग्रामसभा भरली. आमच्या प्रकल्पाचे प्रमुख आले होते. नकाशा फळ्यावर लावला. वहाळाकाठ हिरवा, बागा पिवळट, आणि वरचा सडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग तपकिरी. वर्ग आठ. चिरेखाणवाल्याचा माणूस मागच्या बाकावर बसला होता. त्याने उठून फार नम्रपणे विचारलं, "याची एक प्रत मिळेल का?"

घाडीकाका फळ्यापाशी गेले. पहिल्यांदाच मी त्यांना बोट उचलताना पाहिलं. ते बोट सड्यावरून हळूहळू फिरलं, थांबलं, मागे आलं.

"माझो कुणगो खंय गेलो?"

मग एकदम सगळेच बोलायला लागले. कोणीतरी मागून ओरडलं, "ही पोरगी फितूर झाली! खाणवाल्यांका जाऊन मिळाली!" मी प्रमुखांकडे पाहिलं, ते फाइलकडे बघत होते. पाटील खिडकीबाहेर बघत होते.

घाडीकाका वळले. "गप रवा," ते म्हणाले. आवाज चढवलेला नव्हता, पण खोली गप्प झाली. कारण गावात संशय घ्यायचा अधिकार कोणाचा असेल तर त्यांचा. "हिना केला नाय. चार म्हयने मिया हिच्या हाताकडे बघतंय. जा खणल्यान ताच लिवल्यान. हिच्या मागसून वरच्या कोणीतरी फिरवल्यान हा."

मी खाली मान घालून उभी राहिले. एक शब्द बोलले नाही.

कणकवलीला आमच्या कचेरीत परत येऊन मी संगणक उघडला. मला मनापासून आशा होती, की खरंच वरच्या कोणीतरी फिरवलेलं असेल. तसं काही नव्हतं. विरघळवायचा आकार माझ्या हातचा होता, तारीख माझी होती. सड्यावरचा एकेक कुणगा शेजारच्या कातळात विरघळला होता, साखर पाण्यात विरघळावी तसा, आणि मला त्याचा आवाजसुद्धा आला नव्हता.

पाटलांना सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, कशाला सांगताय? त्यांनी स्वतःच तुम्हाला सोडलंय. दुरुस्त करा गुपचूप." त्यांचं खोटं नव्हतं. पण ज्या माणसाने जन्मभर कोणावर विश्वास ठेवला नाही, त्याने एकदा ठेवला, तोही चार माणसांत, आणि तोच नेमका चुकीचा, ही गोष्ट मला स्वस्थ बसू देईना.

सकाळच्या गाडीने गावात गेले. काका खळ्यात आंब्याच्या पेट्यांना गवत घालत होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं. कोणी फिरवलं नाही, मीच केलं. मुद्दाम नाही. पण मीच. विरघळवणं म्हणजे काय तेही सांगितलं.

ते गवत घालत राहिले. दोन पेट्या पुऱ्या झाल्यावर थांबले.

"पयलो संशय माका तुझोच इलेलो," ते म्हणाले. "नकाशो बघितलंय तेव्हाच. मगे मनात इला, ह्या चेडवान आपलो कुणगो स्वताच्या हातान खणून बघितल्यान, ता असा करूचा नाय. म्हणान सोडलंय." त्यांनी हात झाडले. "थंयच चुकलंय. सोडूक नको होतो."

मला रडू आलं. त्यांना ते आवडलं नसावं, कारण ते आत जाऊन पाणी घेऊन आले आणि तांब्या माझ्या हातात न देता पायरीवर ठेवला.

"माझ्या बापाशीन अंगठो दिल्यान," ते पुढे म्हणाले, "आणि मोजणीवालो कोण होतो, काय लिवन गेलो, ता आमका आजून ठावक नाय. कोण परत येवन सांगूक नाय, की बाबा, माझ्या हातसून असा झाला. तू इलंस." मग लगेच आवाज कोरडा केला. "आता रडान काय जाता? मिटवलंस तसा परत काढूक येता की नाय, ता सांग."

येत होतं. पण प्रमुख तयार नव्हते. एवढ्या बारीक तुकड्यांनी नकाशा गलिच्छ दिसेल, शिवाय मोजमापाचा नियम मोडेल, असं त्यांचं म्हणणं. शेवटी ते एका गोष्टीला कबूल झाले. प्रत्येक कुणग्याच्या कडेने प्रत्यक्ष चालून मोजलं असेल, तरच तो वेगळ्या थरात घालू, आणि तो थर नकाशाला जोडू. पाऊस तोंडावर आला होता. हातात चारच दिवस होते.

माझं चालणं सोपं होतं. कठीण काम घाडीकाकांचं. ते गावातल्या प्रत्येक घरी गेले. ज्यांच्याशी बोलणं नव्हतं त्यांच्याही. भावाच्याही. लोक दारातूनच म्हणत, "कालपरवा तूच सांगत होतंस, कोणाक काय दाखवू नको. आज तूच हिका घेवन फिरतंस?" त्यावर काका काय म्हणत ते मला कधी ऐकू आलं नाही. मला ते गडग्याबाहेर उभं करत. पण लोक येत. मेच्या उन्हात, डोक्यावर टॉवेल टाकून, आपापला खाटेएवढा कुणगा दाखवायला येत. मी यंत्र हातात धरून कडेने चालत असे आणि काका माझ्या मागून, प्रत्येक कोपऱ्यावर थांबून, कॅलेंडरच्या पानावर त्यांचं स्वतःचं काहीतरी मांडत असत.

चौथ्या दिवशी ते मला सड्याच्या पश्चिम कडेला घेऊन गेले. कातळाच्या खाली, पिवळ्या गवताआड, ऐन मेमध्ये बोटाएवढी पाण्याची धार होती. खालच्या विहिरी, बागा, वहाळ सगळ्यांचं मूळ हे. सड्यात मुरलेलं पाणी इथे बाहेर येत होतं. चार महिने मी गावात झऱ्यांची चौकशी करत होते आणि चार महिने मला सगळ्यांनी "झरो? खंय?" असं विचारलं होतं.

"ह्यो नकाशार घालूचो काय नको?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "घातलो तर सगळ्यांका समजतलो. नाय घातलो तर खाणीवाले म्हणतले, हय झरोच नाय."

"ता माका ठावक आसा. म्हणानच विचारतंय."

ते थोडा वेळ धारेकडे बघत बसले. "मी आज सकाळीच देवाक विचारलंय," ते म्हणाले. "घालू काय? देव म्हणालो, होय. मगे विचारलंय, घालू नको काय? देव म्हणालो, होय." त्यांनी ओंजळभर पाणी घेऊन तोंडावर मारलं. "देवाकय ठरवूक येणा नाय. घाल तू."

मी यंत्र धारेच्या वर धरलं. आकडे स्थिर होईपर्यंत तसंच धरून राहिले.

पुढे काय झालं ते मी ऐकीव सांगते. गावाने खाणीला हरकत घेतली, तिला तो नकाशा जोडला. पाहणी झाली, अधिकारी कडेपर्यंत चालत गेले, धार बघितली. झऱ्याच्या अंगाचा सडा वाचला. पूर्वेचा नाही वाचला. तिथल्या लोकांनी आधीच जमीन लिहून दिली होती आणि तिथे कुणगेही थोडेच होते. आज तिकडे चिरे कापायची यंत्रं चालतात. वारा तिकडून असला की गावात आवाज येतो. "अर्दो गेलो," एवढंच काका मला फोनवर म्हणाले होते. अर्धा राहिला, असं नाही म्हणाले.

मी त्यानंतर रत्नागिरीला नोकरीला गेले. त्यांना शेवटचं पाहिलं ते मालवणच्या स्टँडवर, एका वर्षी दिवाळीनंतर. आधी काकी दिसल्या. शेजारी काका, एका डोळ्यावर हिरवा कपडा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं.

"डागतराक दोनदा विचारल्यान, खंयचो डोळो, खंयचो डोळो," काकी सांगत होत्या. "थेंबाची बाटली नर्सेकडसून मोठ्यान वाचून घेतल्यान, तेव्हा खंय डोळ्यात घालूक दिल्यान."

"वाचूकच व्हया," काका म्हणाले. उघड्या डोळ्याने त्यांनी माझ्याकडे बघितलं. "लगीन झाला?"

"होय काका."

"खंयचो?"

"चिपळूणचो."

चिपळुणात आपलं कोण आहे, याचा ते विचार करत असावेत. मग म्हणाले, "कुळीथ फुललेत. परवा ये." मी येते म्हटलं. माझं जाणं झालं नाही, आणि शिमग्याच्या आधी काकींचा फोन आला की ते गेले.

पण त्या दिवशी स्टँडवर आचऱ्याची गाडी लागली, तशी मी काकींना हात देऊन चढवलं. त्या बायकांच्या सीटवर बसल्या. काकांना पुढे खिडकीपाशी जागा मिळाली, शेजारी एक अनोळखी माणूस होता, बॅग मांडीवर घेतलेला, बाहेरगावचा वाटणारा. गाडी सुटायला वेळ होता. मी खाली उभी होते. काचेतून मला दिसत होतं, की काका त्या माणसाकडे वळून बसलेत आणि त्याला काहीतरी सांगतायत. मन लावून, हातवारे करून, कधी तळहात आडवा धरून सड्यासारखी सपाटी दाखवत, कधी बोट धारेसारखं खाली नेऊन. सांगता सांगता त्यांनी सरळ बोट करून मला दाखवलं, आणि तो माणूस वाकून काचेतून माझ्याकडे बघायला लागला. मग गाडी हलली.